माझ्यामागं ऑनलाइनचे पैसे कोणी भरायचे याबाबत

मी, मन्मथ शिवप्पा बिडवे, वय सव्वीस, शिक्षण नववी (बसलो होतो, पास झालो नाही), धंदा पवनचक्की उभी करण्याच्या कामावर मजुरी, मूळ राहणार रेणापूर, जिल्हा लातूर, सध्या मुक्काम भुज, राज्य गुजरात, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते कधीच ठिकाणावर नव्हतं असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल, त्यांना तसंही काही मिळणार नाही. मी दारू पिलेलो नाही. कुणी मानेवर बसून लिहून घेत नाही. फक्त पोटात दुखतं आहे.

लिहिण्यास कारण असं, की माझ्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले आणि उद्या ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, एकदम छोटंसं आहे, घाबरू नको. मग त्यांनी एक कागद दिला. त्यात जिवाला धोका होऊ शकतो हे मला समजलं, असं छापलेलं होतं, आणि खाली सही कर म्हणाले. छोटंसं आहे तर कागद एवढा लांब कशाला? तवाच मी ठरवलं की एक कागद त्यांचा, तर एक आपलाबी पाहिजे.

माझ्या खोलीतला जोडीदार शिवम ढगे, उमरीचा, नांदेड जिल्हा, कॉटशेजारी बसला आहे. त्याने विचारलं, "काय लिहून राहिलास बे?"

"मृत्युपत्र."

"तुझ्याकडं हाय काय द्यायला? दोन जीन्स अन् तो गेमचा डबा."

"त्याचंच लिहितोय."

"मंग डबा मला लिही."

त्याला डबा देत नाही. कारण पुढे येईल.

कलम १. स्थावर मालमत्ता. माझ्या नावावर जमीन, घर, प्लॉट काही नाही. रेणापुरात जे दुकान आहे ते माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं. कासरे, दावी, वेसणी, नाडे, ताडपत्री. मी तिथं बसावं अशी त्यांची इच्छा होती. पण मला बसवत नाही. हे दुखणं कुठल्याच डॉक्टरच्या फोटोत दिसत नाही. लातूरच्या डाळ मिलमध्ये राहिलो, नांदेडला मोटरसायकलच्या गॅरेजात राहिलो, अर्धापूरला केळीच्या गाड्या भरल्या आणि एका गाडीवर चढून दिल्ली बघून आलो. सगळीकडं मालक चांगले होते. मीच निघालो. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर पवनचक्कीवर जातो म्हणालो, तवा अप्पा म्हणाले, "म्या हितं बसून दोर विकतो, अन् तू तिकडं दोराला लटकायला निघालास? जा. मला फोन करू नको." मी केला नाही. त्यांनीबी केला नाही. आईशी बोलताना मागून त्यांचा खोकला ऐकू येतो, तेवढाच. दुकानावरचा माझा असेल नसेल तो हक्क मी सोडतो. अप्पांनी तो मागच्या वर्षीच सोडवून घेतला आहे.

कलम २. माझ्या पोटातून जे खडे निघतील ते बाटलीत भरून आमच्या साइटच्या सुपरवायझरला द्यावेत. महिनाभर मी पोट धरून बसलो की ते म्हणायचे, "नाटक मत कर." नाटक त्यांनी टेबलावर ठेवावं आणि रोज बघावं.

कलम ३. माझे दाजी, सुदर्शन, राहणार अर्धापूर. यांचं आणि माझं भांडण जुनं आहे आणि ते समजल्याशिवाय पुढलं समजणार नाही. डबा म्हणजे टीव्हीला लावून खेळायचा गेमचा कन्सोल. घरात बसून एकट्याने खेळा, मांडीला मांडी लावून दोघं खेळा, त्याला काही पडत नाही. पण दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या देशाच्या माणसाशी खेळायचं तर कंपनीला वर्षाचे पैसे वेगळे भरावे लागतात. त्याला मेंबरशिप म्हणतात. दाजी म्हणायचे, "अरे येड्या, फुकटचे खेळ पण हायेत की, ते खेळ." हायेत. पण मला जो फुटबॉल आवडतो तो त्यात नाही. आणि मेंबरशिपला मूर्खपणा म्हणणारे हेच दाजी सासुरवाडीला आले की जेवण झाल्या झाल्या माझ्याच मेंबरशिपवर बसायचे आणि मी पाणी आणून द्यायचो, कारण ते जावई. हरले की रिमोट आपटायचे. डाव्या बाजूचं बटण त्यांनीच मोडलं. तो मोडका रिमोट मी दाजींना देतो. बटणासकट.

शिवमचंही म्हणणं दाजींसारखंच आहे. तो म्हणतो, "सायकल तू घेतली, टायर तू घेतले. आता घंटी वाजवायला वर्साला पट्टी द्यायची व्हय?" बरोबर आहे. वरून नेटचं रिचार्ज वेगळं. रेणापुरात मॅच रंगात आली की लाइट जाते आणि कंपनी त्याचे पैसे वळते करत नाही. शिवाय परदेशातली एवढीएवढीशी पोरं येऊन हरवतात. ब्राझीलच्या एकाने गोल मारून माझ्यासमोर मिनिटभर नाच केला. मरताना सगळ्यांना माफ करावं म्हणतात. त्याला करत नाही.

म्हणजे मेंबरशिप परवडते का, असं कुणी विचारलं तर मागच्या वर्षापर्यंत मीबी नाहीच म्हणालो असतो. आता का म्हणत नाही ते लिहितो.

कलम ४. हे मुख्य कलम आहे.

घर सोडायच्या आधी मी रेणापूरच्या डब्याची वर्षाची मेंबरशिप भरलेली होती. मी तर भुजला आलो, आणि ती तिथं पडून. अप्पांना हे कळलं. ते मोबाइलच्या दुकानात जाऊन म्हणाले, पोरगं गेलं, पैसे वापस करा. दुकानवाला म्हणाला, भरलेलं वापस मिळत नाही. अप्पांनी आयुष्यात भरलेल्या पैशाची वस्तू सोडलेली नाही. पंगतीत पाकातला जिलेबीचा शेवटचा वेढा आला तर तोही सोडत नाहीत. घरी येऊन ते माहेरी आलेल्या माझ्या ताईला, मंजुश्रीला म्हणाले, "हे कसं चालवत्यात दाखीव. वसूल करायचंय."

मला यातलं तवा काही माहीत नव्हतं, ताईनं मागाहून सांगितलं. मी भुजला जुना डबा घेतला, वेगळी मेंबरशिप भरली, 'भुजवाला' असं नाव टाकलं. एका रविवारी दुपारी बघतो तर माझं रेणापूरचं जुनं नाव, 'मन्मथ किंग', चालू! म्हणालो, दाजी सापडले. शिव्या घालायला त्याच संघात घुसलो, कानाला हेडफोन लावला, तर आवाज आला:

"शरणार्थ. कुठलं गाव?"

अप्पा. आमचे अप्पा गोलात उभे राहून समोरच्या संघाला गाव विचारत होते. दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी शरणार्थ म्हणून नमस्कार, मग गाव, मग पाव्हणेरावळे, मग पाऊसपाणी, मग दोर. तीच रीत. समोरून कुणीतरी काहीतरी बोललं. अप्पा म्हणाले, "तुर्की? तुर्की म्हंजे कुठं आलं, बिदरच्या पुढं?" तेवढ्यात गोल झाला. अप्पा शांतपणे म्हणाले, "मारा, मारा. आमच्याकडं काय पाऊस न्हाई औंदा."

मग मला विचारलं, "अन् तुम्ही कुठले?"

मी घसा जाड करून म्हणालो, "भुज."

"आमचं पोरगं बी तिकडंच हाय. पवनचक्कीवर. कुठं दिसलं तर सांगा, वर चढायच्या आधी दोर बघून घे म्हणावं. नायलॉन उन्हानं कुजतो. वरून कळत न्हाई."

"सांगतो काका," मी म्हणालो.

तवापासून मला सुटी असली की दुपारी हेच. अप्पा फक्त गोलात उभे राहतात. दुसरी जागा घ्या म्हटलं तर म्हणतात, मालाजवळ मालकानं थांबावं. एकदा बॉल डावीकडून येत होता आणि ते तुर्कीवाल्याला सोयाबीनचा भाव सांगत होते. माझ्या तोंडून गेलं, "अप्पा, डावीकडं!"

बॉल आत गेला. मग अप्पा म्हणाले, "भुजवाले, तुमच्याकडं बी अप्पाच म्हणत्यात व्हय?"

"हाव काका. समद्यांनाच म्हणत्यात."

"बरं हाय."

पुढच्या खेपेपासून ते गाव विचारेनात. "भुजवाले, जेवलात का?" एवढंच विचारायचे. मी हाव म्हणायचो. त्यांना कळलंय हे मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना. पण बोलायचं कुणी?

गेल्या आठवड्यात अप्पा म्हणाले, "या महिनाअखेर आमची मेंबरशिप संपती. पैसे वसूल झाले. आता बंद."

"का काका? भरा की पुन्हा."

"म्या का भरू? ज्यानं पयल्यांदा भरली त्यानं भरावी. त्यानं तोंड उघडून म्हणावं, अप्पा, भरतो म्हणून."

मी म्हणालो, "कॉर्नर हाय काका, लक्ष द्या."

आता या तोंडाचं उद्या काय होईल ते सांगता येत नाही, म्हणून जे बोललो नाही ते लिहून ठेवतो. माझ्या निघणाऱ्या पगारातून दवाखान्याचं भागवून जे राहील, त्यातून अप्पांच्या हयातीपर्यंत रेणापूरच्या आणि भुजच्या, दोन्ही डब्यांची मेंबरशिप दरसाल भरावी. अप्पा नको म्हणाले तरी भरावी. भुजचा डबा खोलीतच राहील. तो शिवमला दिलेला नाही, पण माझ्यामागं 'भुजवाला' म्हणून त्यानं खेळावं. हे काम आहे, बक्षीस नाही. कमी बोलावं. नांदेडकडचं "राहिलास" बोलू नये, लगेच ओळखू येतं. "जेवलात का" विचारलं की "हाव काका" म्हणावं. मी गेलेला आहे हे अप्पांना आईकडून कळेलच, पण भुजवाला तरी राहावा.

शिवमने हे वाचून "म्या फुटबॉलला पायानं बी शिवलो न्हाई" असं सांगितलं. ती हरकत मी फेटाळतो.

कलम ५. ताई मंजुश्री हिला माझा चांगला रिमोट. ती आमच्या घरात सगळ्यात भारी खेळते आणि हे दाजींना अजून माहीत नाही. तिनं दाजींना एकदा चांगलं हरवावं, आणि ते माझ्या मोडक्या रिमोटवर.

कलम ६. आई पार्वतम्मा हिला माझा मोबाइल, अर्ध्या तडकलेल्या काचेसह. त्यात पवनचक्कीवरून काढलेले फोटो आहेत. तिनं बघावेत, अप्पांना फक्त दोर दाखवावा. नवा आहे.

एवढीच माझी मालमत्ता. याआधी मी असं काही लिहिलेलं नाही. असतं तर ते रद्द. यावर कुणी भांडलं तर त्याला दाजींच्या शेजारी बसवून खेळवावं.

पुरवणी. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी लिहिलेली.

चार दिवसांमागं मी मॅचमध्ये अप्पांना म्हणालो होतो, "काका, म्या आता काही दिस येणार न्हाई. पित्ताचं ऑपरेशन हाय." अप्पांनी फक्त दवाखान्याचं नाव विचारलं आणि मॅच अर्ध्यात सोडून गेले. गोल रिकामा. आम्ही लई बेक्कार हरलो. मला राग आला होता हे मान्य करतो.

आज सकाळी वॉर्डाच्या दारात पांढरं धोतर दिसलं. हातात पिशवी. अप्पा तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "शरणार्थ. भुजवाले कोण हितं?"

सगळे पेशंट बघायला लागले, कारण तिथं सगळेच भुजवाले. मी सलाइनचा हात वर केला.

स्टुलावर बसले. माझ्याकडं बघितलं नाही, बाटलीतले थेंब बघितले. "जेवलात का?"

"ऑपरेशन हाय अप्पा. उपाशी ठेवलंय."

मग त्यांना उशीखालचा हा कागद दिसला. चष्मा लावून सगळा वाचला. कलम चारवर लई वेळ थांबले. शिवम साक्षीला तयार होता, दुसरा साक्षीदार मिळत नव्हता. अप्पा म्हणाले, आण पेन. शिवम म्हणाला, "काका, ज्याला काही मिळणार त्यानं साक्ष देऊ नाही, असं म्या फोनवर वाचलं. तुमच्या नावाचं कलम हाय."

"मग काट ते."

मी म्हणालो, "अप्पा, त्याच्यासाठीच तर समदं लिहिलंय."

"काट म्हणतो ना. मेल्यावर भरणार म्हणे! म्या निघताना दोन्ही डब्यांचं साल भरून आलोय. आता हे उमरीचं पोरगं मला भुजवाला म्हणून फसवणार व्हय? ह्याला पास तरी देता येतो का?"

शिवम म्हणाला, "न्हाई काका."

"बघ."

म्हणून कलम ४ मधला अप्पांच्या नावाचा पैशाचा आणि शिवमच्या खेळण्याचा मजकूर मी माझ्या हाताने खोडला आहे. बाकी कायम. मी तोंड उघडून एवढंच म्हणालो, "अप्पा, पुढल्या सालापासून म्या भरतो." ते म्हणाले, "आधी सही कर, नर्स आली."

लिहून देणार
मन्मथ शिवप्पा बिडवे
(सही, डाव्या हाताने, उजव्यात सुई आहे)

साक्षीदार १
शिवम दगडोबा ढगे, राहणार उमरी, जिल्हा नांदेड. लिहून देणाराने माझ्यासमोर सही केली. मला काही दिलेलं नाही, याची मी नोंद घेतली आहे. (सही)

साक्षीदार २
शिवप्पा मन्मथप्पा बिडवे, दोरवाले, राहणार रेणापूर, जिल्हा लातूर. लिहून देणारास मी ओळखतो. पहिल्या दिवसापासून ओळखत होतो. (सही)

ठिकाण: भुज
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५