शेवटच्या भागाची साक्ष

३ नोव्हें., सोमवार
नव्या 'ध्रुवपार'ची झलक आज आली. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांना लेबलं लावता लावता खणात मोबाइल ठेवून पाहिली. कामाच्या वेळेत. तेवढी मिनिटं जेवणाच्या सुट्टीतून कापली, तरी बरं वाटलं नाही.
शेवटी रेवाची केबिन फुटते. ती मरते. सरळ मरते.
मूळ मालिकेत ती मरत नाही. यान तिला सोडून निघून जातं, ती सातव्या उपग्रहावर एकटी उरते आणि रोज संध्याकाळी रेडिओवर तीनदा टकटक करते. मालिका तिथेच संपते. आमच्या चाहत्यांच्या मंडळाची बैठकही टेबलावर तीनदा टकटक करूनच सुरू होते.
ग्रुप पेटलाय. मंडळाचा प्रमुख प्रथमेश, त्याचा देवळाली कॅम्पहून फोन. निर्मात्यांना पत्र द्यायचं आणि ते मीच लिहायचं, कारण क्रमपट, म्हणजे भागवार नोंदींचा तक्ता, माझ्याकडे. म्हणाला, "तू आपलं हायकोर्ट."
छान वाटलं. नंतर काहीतरी टोचलं. काय ते माहीत आहे, आज लिहीत नाही.

५ नोव्हें., बुधवार
पत्राचा कच्चा खर्डा. बाहेरच्यांसाठी सगळं पहिल्यापासून लिहावं लागलं. मूळ सव्वीस भाग. टेपा पुसल्या गेल्या. लोकांच्या घरी व्हिडिओ कॅसेटवर आठ सापडले. उरलेले अठरा आम्ही पाहणाऱ्यांना विचारून विचारून लिहून काढले. नियम एकच: एकमेकांशी न बोललेले दोन साक्षीदार असतील तरच क्रमपटात नोंद. नियम मीच केला, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.
सव्विसावा भाग सर्वांत अवघड. क्रिकेटच्या सामन्यामुळे तो भलत्या वेळी दाखवला, फार थोड्यांनी पाहिला. क्रमपटात नोंद अशी: 'रेवा जिवंत. साक्षी: १. माझे वडील. २. खैरनार काका.'
आता टोचणी. काकांना मी कधी विचारलंच नव्हतं. पप्पा म्हणाले होते, "खैरनार माझ्या शेजारीच बसला होता." तेवढ्यावर त्यांचं नाव लिहिलं. विचारायचं राहून गेलं, असं लिहिणार होते. राहून गेलं नव्हतं. विचारायची भीती वाटली होती.

६ नोव्हें.
प्र. म्हणतो, पत्रासोबत शेवटच्या भागाच्या दोन्ही साक्षीदारांच्या सह्या हव्यात. निर्माते विचारणारच, तुम्ही कशावरून म्हणता.
अहिरे बाईंची आठवण आली. कळवणच्या, निवृत्त शिक्षिका. चार वर्षांपूर्वी ग्रुपवर त्यांनीच लिहिलं होतं की रेवा मरते. केबिनमधला दिवा विझतो आणि 'समाप्त'ची पाटी येते. मी क्रमपटात त्यांच्या नावापुढे टाकलं: 'एकच साक्ष. स्मृतिदोष संभवतो.' मग पोरांना चेव आला. बाई, चष्मा बदला. कळवण आवृत्ती वेगळी असते का? प्र.नेही एक हसरा चेहरा टाकला होता. मी काही टाकलं नाही. थांबवलंही नाही.
बाई दोन दिवसांनी ग्रुप सोडून गेल्या. मला हलकं वाटलं होतं. ते आज पहिल्यांदा लिहिते आहे.

९ नोव्हें., रविवार
खैरनार काकांकडे सही मागायला गेले. ते विहाराच्या ओट्यावर पेपर वाचत बसले होते. कागद वाचून झाल्यावर चष्मा कपाळावर सरकवला.
"पोरी, ही मालिका मी कधी बघितलीच नाही. यानबिन आपल्याला नाय कळत."
मी म्हटलं, पप्पांच्या शेजारी बसला होतात ना, सामन्याच्या दिवशी.
"बसलो होतो की. मॅचच बघत होतो. तुझा बापही मॅचच बघत होता. जिंकल्यावर आम्ही जे बाहेर पडलो ते रात्री जेवायलाच घरी."
तरी सही करायला पेन काढलं. तुझं काम होतंय ना, म्हणाले. मी कागद ओढून घेतला. जरा जोरातच. काका बघत राहिले.

१० नोव्हें., सोमवार
पप्पांना विचारलं. आई देवळालीला आत्याकडे गेली होती, म्हणून आजच विचारलं. ते मेथी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही पाहिला मी तो भाग."
मग मला कशावरून सांगितलं?
मेथीची जुडी संपवली. मग सांगितलं. मी आठ वर्षांची, दोन्ही पाय कमरेपासून प्लास्टरमध्ये. शाळा नव्हतीच तेव्हा, पप्पाच शाळा. सकाळी गणित, मग मराठी, संध्याकाळी ते ऑफिसातून आले की 'ध्रुवपार'चा एक भाग. पंचवीस भाग सांगून झाले होते. रेवा केबिनमध्ये अडकली होती. आणि दुसऱ्या दिवशी माझं ऑपरेशन.
"तू विचारलंस, ती मरते का पप्पा? आता काय सांगायला हवं होतं, तू सांग."
त्यांचा आवाज चढला नाही. मी मेथीच्या काड्या गोळा केल्या.
त्या आठवड्यात दवाखान्यातल्या खाटेच्या लोखंडी पट्टीवर मी रोज तीनदा टकटक करायचे. ते माझं होतं. मंडळातल्या तीनशे माणसांना मी ते वाटलं.
पप्पांनीच शिकवलं होतं, काहीही म्हणालीस तर कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखव. मी मंडळाला दाखवलं ते त्यांचंच बोट.

१२ नोव्हें.
प्र.ला फोन करून सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "कुणाला सांगितलंस अजून?"
नाही म्हटलं.
"मग नको सांगूस. पत्र जाऊ दे आधी. अगं, सगळ्यांना रेवा जिवंत हवीय. खरं-खोटं आपण नंतर बघू."
मी म्हटलं, माझ्याच नियमात बसत नाही ते.
"नियम तूच केलास, तूच बदल. हायकोर्टाला तेवढा हक्क असतो."
तो चेष्टा करत होता. मला आधार वाटला. हेच वाईट.

१५ नोव्हें., शनिवार
पत्र गेलं. खाली माझं नाव: 'क्रमपटाच्या संपादक'. सह्यांच्या जागी प्र.ने लिहिलं, 'साक्षीदारांची नावे मंडळाकडे आहेत.' मला वाचायला पाठवलं होतं. मी 'ठीक' लिहिलं. दोन अक्षरं.
ग्रुपवर अभिनंदन. एका मुलीने माझं चित्र काढलंय, न्यायाधीशाच्या काळ्या डगल्यात. ते जपून ठेवलं. मग पुसलं. मग पुसलेल्यांतून परत आणलं.
जेवण गेलं नाही. आईला वाटलं पित्त.

१९ नोव्हें.
निर्मात्यांकडून उत्तर नाही. पण कुणीतरी पत्र सगळीकडे फिरवलंय. त्याला मी जोडलेला क्रमपटाचा फोटो सगळ्यांसमोर आहे, आणि सर्वांत खालच्या ओळीत, बारीक अक्षरात: 'सु. अहिरे, कळवण. स्मृतिदोष संभवतो.'
मी तो भाग कापून द्यायला हवा होता. नाही, कापून नव्हे. मुळात लिहायलाच नको होता.
बाईंच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी ते वाचलं असेल. कळवण काही मोठं नाही.

२३ नोव्हें., रविवार
कळवणला जाऊन आले. पत्ता ग्रुपच्या जुन्या यादीत होता. स्टँडवर चहावाल्याला विचारलं, तो म्हणाला, "अहिरे बाईस्नं घर? पुढेच शे, निळं दार." सबंध वाटेत मनात वाक्यं जुळवली होती, दार उघडल्यावर एकही उरलं नाही.
बाई उंच आहेत. मी बुटक्या समजत होते, का कोण जाणे. नाव सांगितलं तर लगेच ओळखलं. आत ये म्हणाल्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.
उभ्यानेच सांगितलं. पप्पांचं, काकांचं, ऑपरेशनचं, पत्राचं. म्हटलं, तुमचंच खरं होतं, मी सगळ्यांसमोर लिहीन, तुमची नोंद परत लावीन.
त्यांनी मला बसवलं. चहा ठेवला. आतून बोलल्या, त्यामुळे चेहरा दिसला नाही.
"नको लावूस. मला आता साक्ष देता येणार नाही."
का, म्हणून विचारलं.
"तू इतकं ठाम लिहिलंस ना, मीच मला तपासायला लागले. म्हटलं, वय झालं आपलं, एवढ्या जणांना आठवतंय ते खोटं कसं असेल. रोज आठवून बघायचे. आणि बघता बघता मला ती टकटक करताना दिसायला लागली. आता दिवा विझतानाही दिसतो आणि टकटकही ऐकू येते. कुठलं टीव्हीवरचं आणि कुठलं तुझं, मला सांगता येत नाही."
मी चहा सांडला. त्यांनी पुसायला फडकं दिलं आणि विचारलं, परतीची गाडी किती वाजता आहे.
जाताना म्हणाल्या, "मुलांना शिकवायचे तेव्हा मीही एकदा एका पोराला खोटारडा म्हटलं होतं. तो खरं बोलत होता." पुढे काही सांगितलं नाही. माफी दिली की नाही ते कळलं नाही. मागायला गेले होते, पण 'माफ करा' हे शब्द मी म्हटले का, तेही नीट आठवत नाही. बसमध्ये खूप आठवून पाहिलं.

२५ नोव्हें., मंगळवार
मी रेवाला वाचवत होते असं मला वाटायचं. शेवटचा भाग खरोखर पाहिलेलं एक माणूस होतं. त्याच्या डोक्यातला भाग मी पुसला. टेपा पुसणाऱ्यांना आम्ही दर वर्षी शिव्या घालतो.

२७ नोव्हें., गुरुवार
ग्रुपवर लिहिलं. पहिल्या मसुद्यात होतं 'चुकीच्या माहितीमुळे'. खोडलं. दुसऱ्यात पप्पांचं नाव नव्हतं. ते त्यांना दाखवलं. म्हणाले, "माझं नाव घाल. गाळलंस तर हाही तसलाच कागद होईल." आई आतून म्हणाली, चारचौघांत बापाचं नाव कशाला. तरी घातलं. काकांना कधी विचारलं नव्हतं तेही लिहिलं. बाईंना हसत होते तेव्हा मी गप्प होते, तेही. बाई आज काय म्हणतात ते त्यांच्या परवानगीने.
शेवटी: 'भाग २६. साक्षी: नाहीत. रेवाचे काय झाले, माहीत नाही.'

२८ नोव्हें.
प्र. रागावलाय. "चार दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" निर्मात्यांच्या माणसाने त्याला माझाच मेसेज पाठवला, खाली हात जोडल्याचं चिन्ह. पत्र संपलं.
तिघांनी शिव्या दिल्या. एकाने लिहिलंय, मग आम्ही दर बैठकीला टेबल बडवतो ते ताईच्या प्लास्टरसाठी का? मला हसू आलं, मग लाज वाटली, मग परत हसू. न्यायाधीशाचं चित्र काढणाऱ्या मुलीने चित्र काढून टाकलं. बऱ्याच जणांचं म्हणणं, आम्हाला फरक पडत नाही, आमची रेवा जिवंतच. त्यांना काय उत्तर द्यावं?
बाईंना हसलेल्यांपैकी एकानेही बाईंचं नाव काढलं नाही.

३० नोव्हें., रविवार
क्रमपट दुसऱ्या कुणाकडे द्यावा असं सुचवलं. कुणी घ्यायला तयार नाही. प्र. म्हणाला, "आता कोण हात लावणार त्याला." म्हणून सध्या माझ्याकडेच. उरलेल्या सतरा भागांच्या साक्षी पुन्हा तपासायला घेतल्यात. पहिल्याच भागाच्या एका साक्षीदाराला फोन करायला तासभर लागला. नंबर लावायचे आणि तोडायचे.
पप्पा दोन दिवस माझ्याशी जरा जास्तच नीट बोलतायत. ते सहन होत नाही.

२ डिसें., मंगळवार
संध्याकाळी बाईंचा फोन. मी घाबरून उभीच राहिले.
म्हणाल्या, तू गेल्यापासून आठवत होते. चित्र नाही आठवत, ते गेलंच. पण आज भांडी घासताना वेगळंच आठवलं. तेव्हा त्या शेजारच्या घरी टीव्ही पाहायला जायच्या. शेवटच्या भागाच्या दिवशी त्या घरातली म्हातारी उठली, तिने देवघरातली उदबत्ती आणली आणि टीव्हीपुढे लावली. लहान पोरं हसली. म्हातारी म्हणाली, "हसताय काय रे? पोर गेली ती."
"पोर गेली, असं म्हणाली ती. हे तुझ्या क्रमपटात कुठेच नव्हतं ना?"
नव्हतं, म्हटलं. कुठेच नव्हतं.
"मग हे माझंच असणार."
मी म्हटलं, लिहू का? म्हणाल्या, तुझं तू बघ. आणि जेवलीस का, असं विचारलं.
फोन ठेवल्यावर इतकं बरं वाटलं की शंका आली. उदबत्ती लागली असेलही. किंवा कळवणला माझ्या हातून चहा सांडला ते त्यांनी पाहिलं होतं आणि त्यांनी मला काहीतरी दिलं, पप्पांनी दिलं होतं तसं. विचारायचं कसं? विचारलं तर मी त्यांना दुसऱ्यांदा खोटं ठरवते. नाही विचारलं तर मी परत पहिल्यासारखीच.
भाग २६ ची ओळ उघडून बसले आहे. 'साक्षी' या शब्दापुढे त्यांचं पूर्ण नाव लिहिलं: सुलभा अहिरे. पुढचा रकाना 'काय पाहिले' असा आहे. तो अजून रिकामा आहे.