साबण लागलेले परळ

मेलिपिया,
७ फेब्रुवारी १९६६

तीर्थस्वरूप नोल्फामावशीस,
एल्सिराचा सा. न. वि. वि.

आई जाऊन सव्वा महिना झाला. तेव्हापासून बाबा टेबलाशी बसत नाहीत. पावाचा तुकडा घेऊन मागच्या दारी उभ्याने खातात.

नवा मका आला, म्हणून काल आईसारखे पास्तेल दे चोक्लो केले. तिच्या मातीच्या परळांत तळाला कांदा-खिमा, त्यावर कोंबडीचा तुकडा, अंडे, ऑलिव्ह. वर सब्ज्याची पाने घालून शिजवलेला किसलेला मका. साखर भुरभुरून परळ भट्टीत ठेवले. वास आला तसे बाबा आपणहून येऊन बसले. एक घास घेतला, चमचा ठेवला आणि उठून गेले.

मी चाखले. साबणाची चव होती. दफनाला माणसे येणार म्हणून मी ते परळ कपड्यांच्या साबणाने घासले होते. आईच्या हाताची चव मीच धुऊन टाकली. आता बाबा बहुधा पुन्हा टेबलाशी यायचे नाहीत. परळ सुधारतील का, ते लवकर कळवावे.

आपली,
एल्सिरा

वाल्पाराइसो,
१२ फेब्रुवारी

चि. एल्सिरास अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, मातीला साबण? पण मी तरी काय सांगणार? आम्ही बंदरावरची माणसे, आमच्याकडे पत्र्याची भांडी. तुझ्या आईला, आमच्या उबेर्लिंदालाही, लग्नाआधी मका नीट किसता येत नव्हता. बोटेच जास्त किसायची. मका आणि माती तुमच्या गावची, तिथल्या म्हाताऱ्यांची विद्या. ती हे सगळे तुझ्या बाबांच्या घरी शिकली. तेव्हा त्यांनाच विचार. ते अबोल आहेत, बहिरे नाहीत.

तुम्हा दोघांची वाट पाहणारी,
नोल्फामावशी

मेलिपिया,
२१ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मावशीस सा. न. वि. वि.

विचारायला मला चार दिवस लागले. बाबा उठून चुलीशी गेले. परळांत पाणी भरून मंद आचेवर ठेवले, ओतले, पुन्हा भरले. असे तीनदा. मग दूध घालून ते आटेपर्यंत शेजारी बसून राहिले. शेवटी चुलीकडे बघतच म्हणाले, "तुझ्या आईनंही लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात साबण लावला होता. मी महिनाभर ते बोलून दाखवलं नाही. खात राहिलो."

आईला कसे कळले, असे मी विचारले. शेवटी आजीने चाखले तेव्हा, म्हणाले. मग आई दोन दिवस त्यांच्यावर रुसली होती, तेही सांगितले.

काल रविवारी पुन्हा मका किसला. पहिल्या खेपेला साबणाची थोडी चव राहील, असे बाबांनी आधीच बजावले होते. ती राहिली होतीच. मला दोन घासांपुढे जाईना.

बाबांनी टेबलाशी बसून परळ संपवला.

मावशी, तुमची माया अशीच राहू द्यावी.

आपली,
एल्सिरा