नागपूरला आधी कोण गेलं

२ नोव्हेंबर, रविवार
धुळ्याच्या प्रशीलने ग्रुपवर कार्ड टाकलं. आपल्या घराण्याची इतिहास परिषद, सोळा तारखेला, धुळ्यात. हॉलमध्ये आणि ऑनलाइन. कार्डावर कालकथित भिकन आजोबांचा फोटो. खाली : 'छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेलेले आपले पहिले.'
भिकन म्हणजे पितांबरचे आजोबा. माझे आजोबा गिरधर, भिकनचे सख्खे थोरले भाऊ, कार्डावर कुठेच नाहीत. हे पितांबरचंच काम. कसला चुलतभाऊ, वैरी आहे. राहतो नशिराबादला, पण डोळा जळगावात, मेहरूणमध्ये माझ्या घरावर.
मी अगदी शांत आहे. बीपीची गोळी दोनदा घेतली.

५ नोव्हेंबर
संकल्प : परिषदेवर बहिष्कार. बायकोला, सविताला सांगितलं. म्हणाली, बरं, मग मी मोहिनीवहिनींबरोबर जाते. मोहिनी म्हणजे पितांबरची बायको. घरातच फितुरी.

६ नोव्हेंबर
बहिष्कार कायम, फक्त स्वरूप बदललं. ऑनलाइन हजर राहायचं, कॅमेरा बंद. ऐन वेळी पुरावा फेकायचा. ट्रायल घेतली. माझं फक्त कपाळ दिसतं. पुरेसं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
रावेर. लिलाआत्याकडे. गिरधर आजोबांची धाकटी लेक. छप्पन साली आठ वर्षांची होती आणि नागपूरच्या त्याच गाडीत होती. आता हीच एक साक्षीदार उरली आहे.
मी विचारलं, तुझे वडील जळगावला गाडीत चढले होते ना? म्हणाली, चढले होते. पुढे काही सांगू लागली, मी थांबवलं. म्हटलं, बाकीचं परिषदेतच सांग. खटला जिंकल्यात जमा.

१४ नोव्हेंबर
ऑनलाइन रद्द. मोबाइलवर पितांबरचं तोंड नखाएवढं दिसणार. ते पडताना नीट बघायचंय. प्रत्यक्षच जाणार. झब्बा इस्त्रीला दिला.

१६ नोव्हेंबर, सकाळी ११
धुळे. पहिल्या रांगेत बसलोय. पितांबर कोट घालून आलाय. घालू दे, आज शेवटचा. आत्या माईककडे निघाली. लिहिणं थांबवतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार
काल काय झालं ते थोडक्यात.
आत्या म्हणाली, 'मना बाप नि काका दोन्ही भुसावळलेच राह्यनात. पानी भराले उतरनात. नागपूरमा पुढे कोन चालई, यानावर भांडत बसनात. गाडी निंघी गई.'
नागपूरला गेल्या त्या दोघी जावा, मधे ही पोर. दीक्षा घेऊन परत आल्या तेव्हा दोघे भाऊ ओट्यावर पाठ फिरवून बसलेले.
मग आत्याने मला आणि पितांबरला उभं केलं आणि आपापल्या आजीचं नाव विचारलं. मला येईना. आजीला आम्ही आजीच म्हणायचो. पितांबर कोटाची बटणं चाचपत राहिला. सगळ्या हॉलसमोर मला लाज वाटली. शेवटी आत्यानेच सांगितलं. माझी आजी ठकूबाई, त्याची सोनाबाई. प्रशीलने तिथल्या तिथे कार्ड बदललं. दोघी आज्या आल्या, भिकन आजोबा गेले. म्हणजे तसा विजय माझाच.
परतीला सगळे एकाच बसमध्ये. पारोळ्याला चहाला उतरलो, पितांबरही उतरला. म्हणाला, भुसावळला आधी उतरले ते गिरधरच असणार. मी म्हटलं, भिकनच. तो म्हणाला, गिरधर. तेवढ्यात बस गेली. बायका आत, आत्या आत.
सविताला फोन केला. म्हणाली, कंडक्टर थांबवत होता, पण आत्याच म्हणाली, जाऊ द्या, आमच्याकडे हे असंच चालतं.
स्टँडवरच्या बाकावर दोघं बसून राहिलो. पितांबर हळूच म्हणाला, रवी, माझ्या आजीचं नाव काय सांगितलं रे आत्याने?
मला आठवत होतं. सांगितलं नाही.