गव्हावर दळलेले तांदूळ

५ नोव्हें.
तिसरा घाणाही फसला. कपकेक वरून बरे दिसतात, पण क्रीम भरायला मध्ये खड्डा केला की भुगा. पॅकेटचं तांदळाचं पीठ जाड आहे. बाबांचा इसबगोल घालून पाहिला, जरा धरतं. बाबांना आज सुट्टी. थर्ड इयर सोडलेला मुलगा भर दुपारी साच्यांना तूप लावतोय, हे दारातून बघून गेले. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.
आई म्हणाली, तांदूळ धू, वाळव, चक्कीवर बारीक दळून आण. आणि तांदळावरच दळून घे, गव्हावर नको.
रविवारी ऋताचा वाढदिवस. तिला सिलिअ‍ॅक, गव्हाचा कणही चालत नाही. पुण्याहून गुरुग्रामला नोकरीला आल्यापासून वाढदिवसाला केक नाही. मला ती आवडते, पण तिला अजून विचारलेलं नाही. कपकेक खाल्ले की विचारणार.

७ नोव्हें.
चक्कीवर गहू चालू. भैया म्हणाले, चावल शाम को, पाँच के बाद. मला थांबायचं नव्हतं. दोन किलोला असा किती वेळ लागतो, गिऱ्हाईक नको असेल तर शटर पाडा, बरंच काय काय बोललो. चार बायका बघत होत्या. शेवटी भैयांनी दळून दिलं. पहिलं वाटीभर बाजूला काढायला लावलं, म्हटलं झालं. पीठ एकदम मऊ.
आईने विचारलं, कशावर दळलं? तांदळावर, म्हणालो.
का म्हणालो यार.

९ नोव्हें.
जमले! बारा. खड्डा केला, क्रीम भरलं, वर झाकण, एकही फुटला नाही. मेट्रोत डबा मांडीवर, खाली बर्फ.
तोंडात घालण्याआधी तिने विचारलं, "पक्कं ना रे?"
"एवढाही विश्वास नाही का माझ्यावर?"
चढ्या आवाजात. तिच्या वाढदिवसाला. ती ओशाळली, सॉरी म्हणाली, आणि दोन खाल्ले. बोटाला लागलेलं क्रीमसुद्धा. मी बघत बसलो. विचारायचं राहिलंच.

१० नोव्हें.
सकाळी तिचा मेसेज. रात्रभर उलट्या, पोटात कळा. ऑफिसला गेली नाही, महिनाभर तयार केलेलं प्रेझेंटेशन दुसऱ्याने दिलं. खाली लिहिलंय, 'कपकेकमुळे नाही हं, टेन्शन घेऊ नकोस. दीदींनी पोळपाट नीट धुतला नसणार.' दीदी म्हणजे तिच्याकडे स्वयंपाकाला येतात त्या; फ्लॅटमधल्या बाकीच्या मुलींच्या गव्हाच्या पोळ्याही त्याच लाटतात.
मी उत्तरात बदाम पाठवला. बदाम!

१२ नोव्हें.
भेटून आलो. चेहरा पार उतरलाय. तिच्या आईचा पुण्याहून फोन होता, स्पीकरवर. आता कोणाच्या हातचं खाऊ नकोस, असं काकूंचं चाललं होतं. ऋता म्हणाली, "हा एक सोडून, आई."
मी पाणी आणतो म्हणून किचनमध्ये गेलो. ग्लास भरून तसाच उभा.
परतताना चक्कीवर माफी मागायला थांबलो. भैया मान वर न करता म्हणाले, "हमने तो बोला था." पुढच्याचा डबा घेतला.

१४ नोव्हें.
ऋताने दीदींना काढलं. दीदी रडल्या, मुलांची शपथ घेतली. ऋता म्हणते, कबूल केलं असतं तर ठेवलं असतं.
आईला सगळं सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. भाजी चिरत म्हणाली, "मला काय सांगतोस? तिला सांग."
लगेच फोन लावला. चक्की, गहू, आईशी खोटं बोलणं, सगळं एका दमात. मी सॉरी सॉरी करत राहिलो. मध्येच हेही बोलून गेलो की भैयांनीच ठाम नाही म्हणायला हवं होतं. कसला माणूस आहे मी.
ऋता म्हणाली, "दीदींना कोण सांगणार?"
"मी."
"नंबर पाठवते." ठेवला.
नंबर आला. दोनदा लावला, दीदी उचलत नाहीत. अनोळखी नंबर, का उचलतील. गुरुग्रामला निघतोय. त्या कुठे राहतात ते सोसायटीच्या गेटवर कोणाला तरी माहीत असेल. ऋताला मेसेज टाकला, येतोय. तिने वाचलाय.