हाना म्हणजे फूल

७ सप्टेंबर

ठरलं. नर्स होणार.

कारण लिहून ठेवतो, पुढे प्रसिद्ध झाल्यावर लोक विचारतील. काल माझ्या मित्राचं, सुशांतचं, बोट आमच्या बिल्डिंगच्या दारात चेपलं. दार मी लावलं, पण बोट त्याने ठेवलं होतं. त्याला घेऊन हॉस्पिटलात गेलो. तिथे एक प्यालेला दांडगा माणूस दिसेल त्याला बुकलत होता. स्ट्रेचर उलथवलं, एका गार्डच्या कानाखाली वाजवली, दुसरा गार्ड भिंतीला पालीसारखा चिकटला. मग एक नर्स आली. माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिने त्याचा फक्त अंगठा धरला आणि मागे वळवला. गडी गुडघ्यावर. सुई टोचली, ओयासुमीनासाई म्हणाली, म्हणजे जपानीत शुभरात्री, झोपला.

पगार घेऊन माणसं आडवी करायची आणि वर ती थँक्यू म्हणतात. असं काम जगात आहे हे मला कोणी आधी का सांगितलं नाही?

सुशांतचं बोट मोडलेलं नाही. उगाच भोकाड पसरलं.

९ सप्टेंबर

घरात जाहीर केलं. बाबा म्हणाले, बारावीला दोनदा आपटलास, तू नर्स झालास तर मी आजारी पडायचंच सोडून देईन.

परिस्थिती अशी. बाबांचं नागोयाचं पोस्टिंग मार्चमध्ये संपतंय. आई, बाबा, तन्वी पुण्याला परत. मी मिरजेला, प्रतापकाकांच्या सॅनिटरीवेअरच्या दुकानात. बेसिन, कमोड, फ्लश टँक. जन्मभर. पण इथल्या नर्सिंग स्कूलला अ‍ॅडमिशन मिळाली तर स्टुडंट व्हिसा, आणि मी इथेच. बाबांनी लगेच होकार दिला. मिळणार नाही याची त्यांना खात्री आहे. वर म्हणाले, काही चावटपणा केलास तर तंगडं मोडून हातात देईन.

आई म्हणाली, अरे, नर्सिंग म्हणजे सेवा असते. मी म्हटलं, मग मी काय करणार आहे.

तन्वी हसता हसता खुर्चीवरून पडली. वय दहा. जपानी शाळेत जाते म्हणून घरात सगळ्यांची टीचर. मी उचललं नाही. अजून ट्रेनिंग झालेलं नाही.

१० सप्टेंबर

संकल्प: रोज वीस कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं. पहाटे पळणे. मारामारी बंद.

११ सप्टेंबर

पाऊस. पळणं उद्यापासून. अक्षरं दोन झाली, त्यातलं एक आधीच येत होतं.

लँग्वेज स्कूलमध्ये एकाने माझी सायकल ढकलली. त्याला ढकललं. ही मारामारी नाही, सायकलचा प्रश्न आहे.

२१ सप्टेंबर

प्रॅक्टिकलला सुरुवात. विषय: बँडेज. पेशंट: सुशांत. तो आमच्या सोफ्यावर झोपला होता, म्हणजे परवानगी धरलीच. पायापासून सुरुवात केली ती डोक्यापर्यंत गेलो. डोळ्यांना फट ठेवली, नाकाला भोक. फारच सुबक झालं. एवढं काम लोकांनी बघायला हवं म्हणून त्याला लिफ्टमध्ये उभा केला आणि तळमजल्याचं बटण दाबलं.

खाली मोरी-सान उभ्या होत्या. शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, रोज माझ्या कचऱ्याच्या पिशव्या उघडून बघतात, प्लास्टिकच्या कचऱ्यात केळ्याची सालं सापडली की दारावर आणून टांगतात. दार उघडलं तर समोर हा पांढरा. त्यांनी किंचाळण्यात वेळ घालवला नाही. छत्री उलटी धरली आणि दांड्याने सुरू झाल्या. सुशांतला हात बाहेर काढता येईनात, त्याने सगळं तोंडावर घेतलं.

वर आल्यावर त्याने माझ्या पोटात गुद्दा मारला. आई लाटणं घेऊन आली, पण कोणाला मारायचं ते तिला कळेना म्हणून दोघांना मारलं.

नोंद: बँडेज एवढा मार खाऊनही सुटलं नाही. क्वालिटी.

५ ऑक्टोबर

अर्जासोबत निबंध हवा. 'मला नर्स का व्हायचं आहे.' मीच लिहिला, जपानीत, मनापासून. शेवटचं वाक्य तर असं झालं की मलाच भरून आलं: मी रोज सकाळी प्रत्येक पेशंटला हसतमुखाने आणि प्रेमाने कोरोसु करीन.

तन्वीने वाचला. म्हणाली, दादा, तुला काय म्हणायचंय? मी म्हटलं, उठवीन. ती म्हणाली, उठवणे म्हणजे ओकोसु. कोरोसु म्हणजे ठार मारणे.

दोन अक्षरांचा फरक आहे. भावना पोचली असती. तरी बदललं. मोबदला म्हणून तिने माझ्या नडगीवर एक लाथ मागितली. दोन मारल्या. लंगडत पोस्टात गेलो.

२० ऑक्टोबर

पळणं रद्द, नडगी. कांजी रद्द, नडगी दुखत असताना लक्ष लागत नाही.

पण मोठं काम झालं. माणसाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं याचा व्हिडिओ पाहिला. वाकवायचं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने दणकून हाणायचं. अडकलेलं बाहेर पडेपर्यंत. दया दाखवायची नाही, दया दाखवली की पेशंट गेला. हे मला फार पटलं. या क्षेत्राशी माझं जुनं नातं असणार.

सुशांत कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासवाल्या दुकानातून, आणलेली ओनिगिरी खात होता. त्याच्या घशात काही अडकलेलं नव्हतं. मी पहिली हाणली तेव्हा अडकलं. मग पुढच्या हाणल्या तेव्हा सुटलं. म्हणजे रिझल्ट शंभर टक्के. भाताचा गोळा थेट टीव्हीवर.

सुशांतने माझ्या कानावर बूट हाणला. वाचवलेल्या माणसाने. म्हणाला, अद्वय, तू ज्या हॉस्पिटलात लागशील त्याचं नाव मला सांगून ठेव, मी रस्त्यात मरेन पण तिथे येणार नाही.

कान अजून वाजतोय.

१ नोव्हेंबर

मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबांनी ते दोनदा वाचलं. मग ऑफिसचा एक टाय आणून माझ्या गळ्यात बांधला, जरा जास्तच आवळला. म्हणाले, अद्वय, हे झालं तर मला खरंच बरं वाटेल.

असं ते यापूर्वी कधी बोलले नव्हते. मी विनोद करणार होतो पण टाय आवळलेला होता.

१५ नोव्हेंबर

मुलाखत झाली. उत्तम. जवळजवळ उत्तम. क्रमाने लिहितो.

तिघेजण होते. मधोमध हिगुची-सान, तिथल्या मुख्य, पाठ अशी ताठ की खुर्चीला टेकायची हिंमत नाही. प्रश्न सोपे. रागीट पेशंट आला तर? मी म्हटलं, अंगठा. करून दाखवायची तयारी दर्शवली. त्यांनी लिहून घेतलं.

मग छोटं नाटक. तिघांतला एक जण पेशंट होणार, त्याला काय होतंय ते ओळखून मदत करायची. पेशंट झाले ओकाबे-सेन्सेई, म्हणजे तिथले एक सर. साठीचे, बारीक, चष्मा. बसले, दोन्ही हात तोंडावर घेतले, पुढे वाकले. मी मनात म्हटलं, घास अडकला. माझाच धडा.

तरी हात उचलला नाही. मी जबाबदार माणूस आहे. विचारलं, काय होतंय? ते कण्हत म्हणाले, हाना. हाना.

आता हाना म्हणजे फूल, एवढं जपानी मला येतं. खोलीत फूल नव्हतं. कुंडीसुद्धा नव्हती. मग उरला आपला अर्थ. मला वाटलं, परदेशी उमेदवार आहे, घाबरला असेल, म्हणून यांनी माझ्या भाषेतला शब्द पाठ केलाय. जपानी पाहुणचार तो. आणि नुसतं हाण नाही, हाणा. आजवर मला कोणी अहोजाहो करून मारायला सांगितलं नव्हतं. गहिवरलो.

हाणली. सेन्सेई ओरडले, इताई. इताई म्हणजे दुखतंय, पण नाटक चालू होतं, मला वाटलं अभिनय चांगला आहे. दुसरी हाणली. आता ते हात हलवून जोरात म्हणाले, हाना. म्हटलं, लागा कामाला. तिसरी अशी बसली की सेन्सेई खुर्चीसकट टेबलावर गेले, चष्मा एकीकडे, आणि नाकातून खरं रक्त.

तिसऱ्या परीक्षकाने मला मागून मिठी मारली. अभिनंदनाची वाटली, पण त्याने खाली पाडलं आणि पाठीवर गुडघा ठेवला. टाय सेन्सेईंच्या रक्ताने माखला. हिगुची-सान नाक दाबून धरत होत्या. सेन्सेईंचं.

बाहेर सोडायला दोन गार्ड आले, अगदी गेटपर्यंत. बाकी कुठल्याच उमेदवाराला कोणी सोडायला गेलं नाही.

घरी तन्वी म्हणाली, दादा, हाना म्हणजे नाकपण. पेशंटच्या नाकातून रक्त येत होतं, नाटकात.

मी म्हटलं, माझ्यानंतर खरोखर आलं ना. मग रोग बरोबरच ओळखला.

१७ नोव्हेंबर

माफी मागायला बाबा आणि मी. इथे अशा वेळी मिठाईचा खोका न्यायचा असतो. बाबांनी डिपार्टमेंट स्टोअरमधून भारी खोका घेतला. ओकाबे-सेन्सेई नाकावर पट्टी आणि मानेला पट्टा लावून बसले होते. बाबा कमरेत वाकले. माझी मान धरून मलाही वाकवलं, कपाळ टेबलावर आपटलं. सेन्सेई दचकून मागे सरकले.

बाबांनी जपानीत समजावलं की आमच्या भाषेत हाणा म्हणजे मारा. हिगुची-सान तोंडावर फाइल धरून बाहेर गेल्या. कॉरिडॉरमधून आवाज आला. हसणं किंवा रडणं. मी हसणं धरलं. सेन्सेई हळूच म्हणाले, हात फार जड आहे. हा मी चांगला शेरा समजतो.

परतताना ट्रेनमध्ये बाबा म्हणाले, तरी बघू. बघू म्हणाले ते. म्हणजे आशा त्यांनाही आहे.

४ डिसेंबर

निकाल. पास.

घरी मी एकटा होतो. पाकीट फाडलं, अक्षरांचं जंगल, पण मधोमध ठळक गोउकाकु, म्हणजे पास. ही दोन अक्षरं मला झोपेतही ओळखता येतात, परीक्षेसाठी देवळात ताईत मिळतो त्यावर हीच असतात. आनंदाने लाथ मारली ती सरकत्या कागदी दाराच्या आरपार गेली. दुसरी मुद्दाम मारली. मोरी-सान भिंत ठोकायला लागल्या, मीही ठोकली.

मग मिरजेला फोन लावला. म्हटलं, प्रतापकाका, मी जपानमध्ये नर्स होतोय, तुमचे कमोड तुम्हीच विका आणि उरले तर त्यावर तुम्हीच बसा. काका काही बोलायच्या आत ठेवला. आईला मेसेज, बाबांना मेसेज, सुशांतला दंड फुगवल्याचा स्टिकर.

संध्याकाळ

बाबा ऑफिसातून लवकर आले, केक घेऊन. तन्वीने कागद घेतला. म्हणाली, दादा, याच्या आधी अजून एक अक्षर आहे. फु. मी म्हटलं, ते छोटं? ती म्हणाली, छोटं नाहीये. फु म्हणजे नाही.

मी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, मारा. त्यांनी मारलं नाही. खाली बसून दाराचे फाटलेले कागद गोळा करत बसले. म्हणाले, घरमालकाला सांगायला हवं. एवढंच. आई केक कुठे ठेवायचा म्हणून तो हातात घेऊन फिरत होती.

मी पाठ पुढे करून बराच वेळ उभा होतो.

६ डिसेंबर

बाबांच्या समोर बसून प्रतापकाकांना व्हिडिओ कॉल केला. काका काउंटरमागे, पाठीमागे बेसिनांची रांग. म्हटलं, काका, चुकलो, नापास झालो, मार्चमध्ये येऊ का. काका म्हणाले, मोठ्याने बोल, दुकानात गिऱ्हाईक आहे, त्यांनाही ऐकू दे. मी मोठ्याने बोललो. गिऱ्हाईक स्क्रीनमध्ये डोकावून गेलं. मग त्याने निळ्या बेसिनकडे बोट दाखवून भाव विचारला. काका म्हणाले, ह्याला विचारा. मी म्हटलं, मला माहीत नाही.

काका म्हणाले, एप्रिलपासून पाठ होईल.