गप्प बसण्याच्या हक्कासाठी माझा युक्तिवाद

३ तारीख, सकाळ
वकील संघाची नोटीस लागली. सोळाला अभिरूप न्यायालय. खटला खोटा, वकील खरे, प्रश्न राज्यघटनेचा. एका बाजूने मी, समोर तोफ. तोफ म्हणजे आमच्या कोर्टातल्या ज्येष्ठ वकीलबाई. त्या बोलायला लागल्या की शेजारच्या कोर्टातला साक्षीदारही घाबरून खरं बोलतो.
प्रश्न असा: एका कचेरीत रोज सकाळी मोठ्याने शपथ म्हणायची सक्ती. एक शिपाई गप्प उभा राहतो, नोकरी जाते. बोलण्याच्या हक्कात गप्प बसण्याचा हक्क येतो का? मी शिपायातर्फे. सव्वीस वर्षांच्या वकिलीत असा चान्स पहिलाच. पाय जमिनीवर ठरत नाहीत.

दुपार
खरी गोष्ट लिहायची राहिली. कन्येला नुकतीच वकिलीची सनद मिळाली. कुणाच्या ऑफिसात बसायचं ते ती सोळानंतर ठरवणार. तोफेनेही बोलावलंय म्हणे. बोलावू दे! मी माझ्या टेबलाशेजारी तिच्यासाठी चाकांची खुर्ची आणून ठेवली. पोरीने एकदा बापाला उभं राहून बोलताना ऐकलं की विषय संपला.

५ तारीख, पहाटे ५.००
संकल्प: रोज दोन तास राज्यघटना. उठलो.
५.१५. आडवं पडून वाचलं की डोक्यात जास्त जातं.
८.४०. अनुक्रमणिका झाली.

६ तारीख
माझी राज्यघटनेची प्रत कॉलेजातली, तरी कोरी करकरीत. याला म्हणतात पुस्तक जपणं. कन्या म्हणाली की मधल्या काळात बऱ्याच दुरुस्त्या झाल्यात. मी म्हटलं, माझ्या प्रतीत नाहीत.

९ तारीख
कारकुनाला म्हटलं, सोळाचा दिवस मोकळा ठेवा. त्याने विचारलं, की मग नेहमीप्रमाणे पुढच्या तारखेचा अर्ज टाइप करून ठेवू का. झापला. तर म्हणतो, वीस वर्षांत साहेबांनी दुसरं काही टाइप करायला दिलेलं आठवत नाही. या माणसाला काय कळणार? युक्तिवाद कोणीही करतं. तारीख मागायला कसब लागतं. ताप, पाठ, पक्षकार परगावी, फाइल सापडत नाही: प्रत्येकाचा सूर वेगळा.

१२ तारीख
घरी रंगीत तालीम. श्रोते: बायको, सासूबाई, कन्या. सासूबाईंना चौथ्या मिनिटाला डुलकी लागली, म्हणजे माझ्या आवाजात शांतता आहे. बायको म्हणाली, शिपाई शेवटी सुटतो का तेवढं आधीच सांगा, कुकर लावायचाय. कन्येचं म्हणणं, मी दाखला दिलेले दोन्ही निकाल माझ्याच विरोधात जातात. तिने रात्रंदिवस खपून चार पानांची टिपणं काढून दिली. खिशात ठेवलीत. वाचणार नाही, ओरिजिनॅलिटी जाते.

१५ तारीख
गाऊनला इस्त्री झाली. बूट चकाचक. दाढी उद्या. आता फक्त युक्तिवाद राहिलाय.

१६ तारीख, संध्याकाळ
हॉल खचाखच. न्यायासनावर निवृत्त न्यायाधीशसाहेब. त्यांच्यासमोर मी नऊ वर्षं प्रॅक्टिस केली. खटला पुकारला. उठलो, गाऊन सावरला. तिसऱ्या रांगेत कन्या, डोळे चमकताहेत. तोंड उघडलं आणि आपोआप बाहेर पडलं, की माय लॉर्ड, पाठ धरली आहे, तारीख मिळावी.
साहेबांनीही मान वर न करता सांगून टाकलं, की शेवटची संधी, तीन आठवडे.
मग आम्हा दोघांना एकदमच कळलं.
हॉल कोसळला. तोफ हसल्या तर खिडक्या वाजल्या. त्यानंतर मी चाळीस सेकंद गप्प उभा होतो. (विषयाला धरूनच होतं.) तेवढ्यात कन्या पुढे आली, ज्युनियर म्हणून परवानगी मागितली, माझ्या खिशातली पानं काढली आणि अकरा मिनिटं बोलली. म्हणाली, की ज्याला गप्प बसता येत नाही, त्याचं बोलणंही त्याचं उरत नाही. पान एकदाही उलटलं नाही. मी टाळ्या वाजवल्या, तळहात लाल होईपर्यंत. डोळे भरून आले, उगाच कशाला लपवू.
निकाल आमच्या बाजूने. पाया माझ्या चाळीस सेकंदांनी घातला होता.

१७ तारीख
ती तोफेकडे जाणार. चहाच्या वेळी सांगितलं. मी फेरविचारासाठी तीन आठवडे मागितले. मिळाले नाहीत. म्हणाली, तिला बोलायला शिकायचंय. वाईट वाटलं. खुर्चीवर आता कारकून बसतो आणि मुद्दाम चाकांवर फिरतो.

२४ तारीख
जमिनीचा जुना खटला. समोरच्या बाजूने तोफ, पण आज आलेल्या दिसल्या नाहीत. सोपं काम. उठलो, कमरेवर हात ठेवला, पाठदुखीचं कारण सांगून तारीख मागितली. समोरून कोवळा आवाज आला, की विरोध आहे. ही एकोणिसावी तारीख. शिवाय वकीलसाहेबांनी आज सकाळीच घरातलं लोखंडी कपाट एकट्याने सरकवलंय, आपण स्वतः पाहिलंय.
अर्ज नामंजूर. युक्तिवाद उद्या, सकाळी अकराला.

संध्याकाळ
फाइल उघडली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. आपली बाजू बरी आहे की! शेजारच्या खोलीत तीही हाच खटला वाचतेय. मघाशी दार ढकलून तिने विचारलं, बाबा, चहा टाकू का.
म्हटलं, विरोध नाही.