सतरा तास बसायची सवय

४ फेब्रुवारी, सकाळ
नात झाली! मुलाचा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. जाऊ दे. आता मला तिकडे जायलाच हवं. मुलगा अजून ये म्हणाला नाही, पण ती काय तोंडाने सांगायची गोष्ट आहे? भिंतीवरच्या नकाशावर शिवणाची टेप लावली. आमच्यापासून त्याच्यापर्यंत नऊ इंच. एवढं तर बाळाचं झबलं असतं. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, मग चालतच जा.

५ फेब्रुवारी
शेजारची नर्स मोबाईलवर बघून म्हणाली, थेट विमान आहे काकू, पण सतरा तास लागतात. लागू देत. नुसतं बसायचंच तर आहे. उद्यापासून प्रॅक्टिस.

६ फेब्रुवारी
खिडकीपाशी खुर्ची मांडली, पट्टा म्हणून ह्यांचा बेल्ट बांधला. लगेच कुकरची शिट्टी, उठले. ते धरायचं नाही, विमानात कुकर नसतो. मग दाराची बेल, मग गुडघा. सगळं मिळून दोन तास झाले. ह्यांनी मागून हाक मारली, ओ एअर होस्टेस, चहा मिळेल का. मी म्हटलं, मी पॅसेंजर आहे.

२० फेब्रुवारी
सलग चार तास! मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, आई, कशाला त्रास करून घेतेस, बघू. बघू म्हणाला! म्हणजे तिकिटं बघतोय.

९ मार्च
नर्सने गंमतच सांगितली. तिकडून येताना वारा पाठीशी असतो, दोन तास कमी लागतात. म्हणजे त्याला आम्ही जवळ, आम्हाला तो लांब. मग त्यानेच नाही का यायचं? ह्यांना हिशोब पटला नाही. म्हणाले, तो इतका जवळ राहतो, हे त्याला कळवलंस का. ह्यांचं बोलणं हे असलं.

२ एप्रिल
साडेसहा तास. झबलं शिवून झालं. व्हिडिओ कॉलवर बाळापुढे धरलं तर तोकडं वाटलं. मोबाईलमध्ये सगळंच मोठं दिसतं म्हणा. तरी खाली दोन बोटं कापड जोडलं.

१९ एप्रिल, दुपार
सकाळी फोन लावला तर बाळ भलत्याच मांडीवर. विहीणबाई! मुलानेच तिकीट पाठवलं, आठवडा झाला त्यांना जाऊन. सून म्हणाली, अहो आई, तुम्हाला सांगायचंच राहिलं. विहीणबाई म्हणाल्या, अंग नुसतं आंबून गेलंय. त्यांच्या गावाहून थेट विमान नाही, दोनदा बदलायचं, सव्वीस तास. बिचाऱ्या. एवढ्या लांबून जावं लागलं.

आमच्याकडून थेट आहे.

ह्यांनी आज चेष्टा केली नाही. स्वतः चहा करून खुर्चीतच आणून दिला. फोन ठेवल्यापासून मी उठलेच नाही. आज सात तास सहज होतील.